सोलांजबाईंचा सैनिक

वैजनाथ लोमटेला फ्रेंच येत होतं, आणि कुठं शिकलास असं कुणी विचारलं तर तो खरं तेच सांगायचा: बिस्किटं गुंडाळताना.

मूळचा तो अंबाजोगाईचा. आयटीआय करून फिटर झाला आणि विसाव्या वर्षी हडपसरच्या मधुकण बिस्किट कंपनीत चिकटला. १९८३ साली कंपनीनं पुडे बांधायचं मशीन थेट फ्रान्सहून आणलं. मशीनबरोबर माहितीपुस्तकाचे तीन जाडजूड खंड आले, तिन्ही फ्रेंचमधले. इंग्रजी खंड मागाहून पाठवतो म्हणाले होते, ते अजून यायचेत. मशीन बसवायला आलेला पास्काल नावाचा मेकॅनिक तीन आठवडे राहिला. तो रोज वैजनाथच्या डब्यातली भाकरी खायचा आणि मशीनच्या एकेका भागावर बोट ठेवून त्याचं नाव मोठ्यानं म्हणून दाखवायचा. तो गेल्यावर वैजनाथनं मशीन उघडून, आकृत्या समोर ठेवून, सोळा वर्षांत तिन्ही खंड वाचून काढले. मशीनला काय झालंय हे मशीनच्या मातृभाषेत सांगणारा सबंध हडपसरमध्ये तो एकटाच होता.

नव्व्याण्णव साली कंपनी बंद झाली. जागा कॉम्प्युटरवाल्यांनी घेतली आणि कामगारांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यात स्वेच्छा कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वैजनाथ घरी बसला. त्याची बायको कुसुम घरीच साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. वैजनाथनं तिच्या शिलाई मशीनला इतक्या वेळा तेल घातलं, की एका गिऱ्हाइकाच्या कांजीवरमवर थेंब पडला.

"अहो, तुम्ही त्याला हात लावाल तर माझी शपथ आहे," कुसुम म्हणाली. "बाहेर जा. कुठंही जा."

त्यानंतर तो रोज सकाळी गाडीतळापर्यंत जायचा आणि परत यायचा.

अशात नोव्हेंबरमध्ये एक दिवस दारात पटवर्धन साहेब उभे राहिले. हे कंपनीचे जुने पर्सोनेल ऑफिसर. निवृत्तीचं पत्र वैजनाथच्या हातात यांनीच ठेवलं होतं, त्यामुळे कुसुमनं त्यांना पाणी दिलं, पण चहाचं विचारलं नाही.

"लोमटे, तुला फ्रेंच येतं ना? येतंच. माझ्याबरोबर चल," साहेब म्हणाले.

त्याचं असं झालं होतं. पटवर्धन साहेब सदाशिव पेठेतल्या चित्ररसिक मंडळाचे सभासद. फ्रान्सच्या सोलांज कार्देय नावाच्या सहासष्ट वर्षांच्या नटी गुडघ्यांसाठी पुण्यातल्या एका वैद्यांकडे येणार होत्या. हे मंडळाला कळलं, आणि मंडळानं त्यांची सबंध कारकीर्द दाखवायचं ठरवलं. सोमवार ते शनिवार, रोज संध्याकाळी सहाला एक सिनेमा, आणि शनिवारी स्वतः बाई हजर. सिनेमे आले, पण त्यांवर इंग्रजी अक्षरं नव्हती. माइकवरून मराठी सांगायला सुदर्शन सर म्हणून एक प्राध्यापक ठरले होते, त्यांना आठच दिवसांपूर्वी एका कॉम्प्युटर कंपनीनं पॅरिसला नेलं. त्या वर्षी सगळ्या जगाच्या कॉम्प्युटरांना दोन हजार सालाची धास्ती होती, आणि पुण्यात फ्रेंच येणारा माणूस रस्त्यात नुसता उभा राहिला तरी संध्याकाळपर्यंत त्याला कुणी तरी उचलून न्यायचं.

मंडळाच्या चिटणीस वासंतीबाई दामले यांनी वैजनाथला चष्म्यावरून पाहिलं.

"फ्रेंच येतं?"

"येतं."

"वाचन किती आहे?"

"तीन खंड."

"कुणाचे?"

"कंपनीनं दिलेले," वैजनाथ म्हणाला.

वासंतीबाईंना वाटलं, कुठली तरी प्रकाशन कंपनी असावी. त्यांनी त्याला पडद्याशेजारी टेबल, माइक आणि पाण्याचा तांब्या दिला.

सोमवारच्या सिनेमात सोलांजबाई वीस वर्षांच्या होत्या. खेडेगाव, पाणचक्की, आणि एक टोपीवाला सैनिक. वैजनाथ घसा खाकरून बसला होता. त्याच्या लक्षात आलं की ही माणसं पास्कालच्या तिप्पट वेगानं बोलतात. तरी अधूनमधून ओळखीचा शब्द यायचा. सोलांजबाई सैनिकाला कुठल्याशा मोठ्या 'आर्ब्र'खाली भेटायला बोलावत होत्या. फ्रेंचमध्ये झाडाला आर्ब्र म्हणतात आणि मशीनच्या शाफ्टलाही आर्ब्रच म्हणतात. वैजनाथला आयुष्यात शाफ्टच भेटलेला.

"रात्री मोठ्या शाफ्टखाली ये," तो माइकवर म्हणाला.

पाणचक्कीत शाफ्ट असायचाच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. पुढे त्या दोघांनी मिठी मारली आणि सोलांजबाई कुजबुजल्या. मिठीत घेणं आणि बोल्ट आवळणं यांनाही फ्रेंचमध्ये एकच शब्द आहे.

"मला आवळ," वैजनाथ म्हणाला. "अजून आवळ." आणि मग सवयीनं, जबाबदारीनं, त्यानं पदरचं एक वाक्य घातलं, "पण आटे जाऊ देऊ नकोस."

अंधारातून कुणी तरी "वा!" म्हणालं.

मध्यंतरात वासंतीबाई टेबलाशी आल्या. "लोमटे, हे असंच आहे?"

"शब्दाला शब्द."

"कामगारवर्गाची भाषा दिसतेय," वासंतीबाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत तसं टिपून घेतलं.

पहिला दिवस निभावला. मंगळवारी मात्र पंचाईत झाली. या सिनेमात सोलांजबाई पॅरिसमधल्या एका डॉक्टरची बायको होत्या. डॉक्टर बाहेर गेला आणि त्या खिडकीपाशी उभ्या राहून एकट्याच बोलायला लागल्या. बोलता बोलता रडायला लागल्या. सात मिनिटं त्या बोलल्या, आणि त्या सात मिनिटांत तिन्ही खंडांतला एकही शब्द आला नाही. ना बेअरिंग, ना पट्टा, ना झडप.

वैजनाथ तांब्यातलं पाणी प्यायला. सभागृहात खोकला सुरू झाला. मागून आवाज आला, "माइक बंद पडलाय, की माणूस?"

वैजनाथनं पडद्याकडे पाहिलं. खिडकी, खाली रिकामा रस्ता, आणि त्या रस्त्याकडे लागलेले बाईचे डोळे. गेले सहा महिने दुपारी तो स्वतः खिडकीत असाच उभा राहत होता. नोकरीसाठी पाच ठिकाणी अर्ज टाकले होते, एकाचंही उत्तर नव्हतं. तो नकळत बोलून गेला.

"कालचा तो सैनिक आठवतोय तिला. अजून पत्र नाही."

सबंध सभागृहानं उसासा टाकला.

सिनेमा संपल्यावर वासंतीबाई तरातरा आल्या. "कालचा सिनेमा वेगळा, आजचा वेगळा. आजच्या सिनेमात सैनिक आलाच कुठं?"

"आला नाही, म्हणून तर रडतेय," वैजनाथ म्हणाला.

वासंतीबाईंनी वहीत तेही टिपून घेतलं.

एकदा सोडलेला सैनिक मग आवरेना. बुधवारी सोलांजबाई बोटीवर हिऱ्यांचा हार चोरत होत्या, त्या सैनिकाला शोधायला भाडं हवं म्हणून. गुरुवारी त्या नन झाल्या होत्या. त्याचं तर कुणाला नवलच वाटलं नाही.

"होणारच," दुसऱ्या रांगेतल्या एक बाई शेजारणीला म्हणाल्या. "इतकी वाट पाहिल्यावर दुसरं काय करणार?"

"पण नवरा डॉक्टर होता ना?"

"तो वारला असेल. लोमटे सांगतील आता."

लोमट्यांनी सांगितलं की डॉक्टर वारला. गुरुवारी खुर्च्या पुरल्या नाहीत. माणसं पायऱ्यांवर बसली. नाटक सोडून माणसं आली होती.

त्या गर्दीतच गुरुवारी एक मुलगी ताडकन उभी राहिली. पूर्वा साबळे तिचं नाव. सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला होती, आणि फ्रेंचच्या चार परीक्षा दिलेल्या होत्या.

"एक्स्क्यूज मी! ती असं काहीच म्हणत नाहीये! सोल्जर वगैरे कुणी नाहीये यार, ती बागेतल्या कोबीबद्दल बोलतेय!"

पायरीवरचे एक वृद्ध गृहस्थ मागे वळले. "बाई, आपल्याला इतकं फ्रेंच येत असेल तर आपण फ्रान्सला जावं. इथं मराठीत चाललंय."

पूर्वा बसली. पण सिनेमा सुटल्यावर तिनं वैजनाथला सायकल स्टँडपाशी गाठलं.

"काका, तुम्ही हे सगळं मनानं सांगता?"

"जिथं कळत नाही तिथंच."

"आणि कळतं किती?"

वैजनाथनं प्रामाणिकपणे हिशेब केला. "दहात एक वाक्य. कुणाची मोटार बिघडली तर मात्र सगळं."

पूर्वाला हसू आवरेना. वैजनाथला वाटलं, ही आता आत जाऊन सांगणार. त्यानं खाली मान घालून मशीनचं, कंपनीचं, पास्कालचं सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "उद्या मी तुमच्या शेजारी बसते. मी कानात सांगते, तुम्ही माइकवर बोला. ओके?"

शुक्रवारी तसं केलं. पूर्वानं कानात जे सांगितलं तेच वैजनाथनं तंतोतंत सांगितलं. तीन मुलांची आई झालेल्या सोलांजबाई आणि त्यांचा दीर द्राक्षाच्या मळ्याची वाटणी करत होते. कुठला बांध कुणाचा, विहीर कुणाकडे. अर्ध्या तासात सभागृह चुळबुळू लागलं. एक जण उठून गेला. भावाभावांच्या वाटण्या बघायला कुणी चित्ररसिक मंडळाचा सभासद झालेला नव्हता, त्या घरोघरी चाललेल्याच होत्या.

मध्यंतरात वासंतीबाई आल्या. "लोमटे, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे. आज सगळं बरोबर सांगतोय."

वासंतीबाईंनी चष्मा काढून पुसला. "कालच्यासारखं सांगा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

वैजनाथनं पूर्वाकडे पाहिलं. पूर्वानं खांदे उडवले. मध्यंतरानंतर विहिरीपाशी सोलांजबाई थबकल्या, दूर बघत राहिल्या, आणि वैजनाथ हळू आवाजात म्हणाला, "त्या वळणावरून तो गेला होता." दाराशी पोचलेला एक जण परत येऊन बसला.

शनिवारी सोलांजबाई आल्या. गुडघ्यांना पट्ट्या, हातात काठी, आणि अंगाला वैद्यांच्या तेलाचा असा वास की पहिल्या रांगेतल्या मंडळींना सर्दी असती तर गेली असती. सबंध सभागृह उभं राहिलं. चौथ्या रांगेत कुसुम बसली होती, नेसून-सवरून, शेजारी मुलगी अपेक्षा. नवरा सदाशिव पेठेत रोज नक्की काय करतो ते बघायला त्या आल्या होत्या.

शेवटच्या सिनेमात सोलांजबाई म्हाताऱ्या होत्या आणि आजारी होत्या. पलंगाभोवती घरची माणसं. डॉक्टरांनी नाडी पाहिली, मान हलवली आणि म्हणाले, "एल ए मॉर्त."

शेजारी बसलेली पूर्वा त्या क्षणी रुमाल शोधत होती. पण वैजनाथला मदत नकोच होती. मॉर! हा शब्द त्याला पाठ होता. दुसरा खंड, गिअरचं प्रकरण, दांडी मधोमध असते ती जागा.

"ती न्यूट्रलमध्ये गेली आहे," त्यानं ठामपणे सांगितलं.

पडद्यावर घरचे सगळे हंबरडा फोडून रडायला लागले. इतकं रडायला काय झालं ते वैजनाथला कळेना. त्यानं त्यांना धीर दिला, "रडू नका. पुन्हा गिअर पडेल."

मग पडद्यावर शवपेटी आली.

वैजनाथचा हात माइकवर तसाच राहिला. त्याला एकदम उलगडलं, मॉर म्हणजे मेलेला. सहा दिवस ही बाई त्याच्यासमोर वाढली होती, प्रेमात पडली होती, वाट पाहून थकली होती.  शेवटी तो कसाबसा म्हणाला, "नाही पडला."

सभागृह ढसाढसा रडलं. पटवर्धन साहेबांनी नाक शिंकरलं. कुसुमनं पदर डोळ्यांना लावला. खुद्द सोलांजबाई मात्र जिवंतपणी पहिल्या रांगेत बसून चौफेर बघत होत्या. या सिनेमावर आजवर इतकं कुणी रडलं नव्हतं.

दिवे लागले आणि प्रश्नोत्तरं सुरू झाली. मध्ये दुभाषी म्हणून पूर्वा उभी राहिली. पहिला प्रश्न त्या पायरीवरच्या वृद्ध गृहस्थांचा.

"बाईंना विचारा, त्या सैनिकानं शेवटपर्यंत पत्र का पाठवलं नाही?"

पूर्वानं वैजनाथकडे पाहिलं, मग विचारलं. सोलांजबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी बरंच आठवलं आणि मग उत्तर दिलं.

"त्या म्हणतायत," पूर्वा म्हणाली, "की पहिल्या सिनेमातल्या त्या नटाच्या तोंडाला लसणाचा वास यायचा. त्यानंतर चाळीस-पंचेचाळीस वर्षांत त्यांनी त्याची एकदाही आठवण काढलेली नाही."

सभागृहात नाराजीची लाट उसळली.

"लपवतायत," दुसऱ्या रांगेतल्या बाई म्हणाल्या.

"चारचौघांत कोण सांगेल?" शेजारीण म्हणाली.

वैजनाथला आता राहवेना. एका परक्या पाहुण्या बाईवर आपल्यामुळे नसता आळ येतोय, हे काही बरोबर नव्हतं. तो उभा राहिला. 

"त्यांची काही चूक नाही. सैनिक मी घातला. पहिल्या दिवसानंतर तो कुठंच नव्हता. मला फ्रेंच फक्त मशीनचं येतं."

 मग ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "ते आम्हाला तुम्ही 'आटे जाऊ देऊ नकोस' म्हणालात तेव्हाच कळलं होतं. बसा."

"मग आपण सांगितलं का नाही?" वासंतीबाई कडाडल्या.

"सांगितलं असतं तर सुदर्शन सरांना परत आणलं असतं तुम्ही."

या सगळ्याचा अर्थ सोलांजबाईंना हवा होता. पूर्वानं त्यांना शाफ्टपासून न्यूट्रलपर्यंत सगळं सांगितलं. बाई आधी गंभीर होत्या. न्यूट्रलपाशी त्यांचे खांदे हलायला लागले. मग त्या इतक्या हसल्या, की काठी हातातून पडली आणि गुडघा धरून त्यांना खुर्चीला टेकावं लागलं. हसू ओसरल्यावर त्यांनी वैजनाथला जवळ बोलावलं.

"त्या म्हणतायत, काहीतरी फ्रेंच बोलून दाखवा," पूर्वा म्हणाली. "तुम्हाला येतं ते."

वैजनाथ ताठ उभा राहिला. एक मजकूर त्याला झोपेतही आला असता. पहिल्या खंडाचं पहिलं पान, लाल चौकटीतलं. तो पास्कालच्या उच्चारात त्यानं धडाधड म्हटला.

सोलांजबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. त्यांनी त्याला तो पुन्हा म्हणायला लावला. मग काठी बाजूला ठेवली, माइक हातात घेतला आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा समोर वैद्यांकडे आलेली म्हातारी नव्हती. त्यांनी तीच वाक्यं म्हणायला सुरुवात केली, हळू, एकेक शब्द जणू कुणाला तरी निरोप देताना सुचतोय अशी. मध्येच थांबल्या. आवाज कापला. शेवटचं वाक्य त्या जवळजवळ श्वासातच म्हणाल्या.

सगळ्यांनी वैजनाथकडे पाहिलं. पूर्वानं त्याच्यासाठी दुसरा माइक पुढे केला.

"झाकण उघडण्यापूर्वी," वैजनाथ म्हणाला, "वीजप्रवाह बंद करा. यंत्र पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहा. चालू यंत्रात हात घालू नका. कधीही... घालू नका."

सबंध आठवड्यातलं त्याचं स्वतःचं एवढं एकच भाषांतर शब्दाला शब्द बरोबर होतं. टाळ्या थांबेनात. दुसऱ्या रांगेतल्या बाईंनी शेजारणीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, "किती खरं आहे हो."

गर्दी पांगताना पटवर्धन साहेबांनी वैजनाथला कोपऱ्यात घेतलं. रांजणगावला एका नव्या कारखान्यात ते सल्लागार झाले होते. तिथं फ्रान्सची चार मशीनं येऊन पडली होती आणि खोकी उघडायला कुणी धजत नव्हतं. "सोमवारी वाघोलीच्या नाक्यावर कंपनीची बस थांबते, सात वाजता. बसून ये," ते म्हणाले. या वेळी त्यांनी पत्रबित्र काही दिलं नाही, त्यामुळे वैजनाथचा विश्वास बसला.

स्वारगेटला बसच्या रांगेत कुसुमनं आधी अपेक्षाला पुढं उभं केलं. मग म्हणाली, "अहो, त्या बाईला घरी जेवायला बोलवलंत का?"

"जेवणाचा शब्दच नव्हता कुठल्या खंडात."

"इतक्या लांबून आलेली बाई. वैद्याकडं नुसती मुगाची खिचडी देत असतील तिला."

रविवारी सकाळी कुसुमनं धपाटे केले, बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि दही, आणि डबा वैजनाथच्या हातात देऊन त्याला वैद्यांकडे पाठवलं. सोलांजबाई व्हरांड्यात पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी डबा उघडला, वास घेतला आणि डोळे मोठे केले. त्या चटणीत बोट घालायला लागल्या तशी वैजनाथला लाल चौकट आठवली.

"दांजे!" तो म्हणाला. म्हणजे धोका.

बाईंनी मान डोलावली आणि बोट चाटलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, नाक लाल झालं, पण धपाटा काही त्यांनी खाली ठेवला नाही. वैजनाथ पाणी ओतून देत होता आणि त्या खात होत्या. पाच धपाटे त्यांनी संपवले. मग रिकामा डबा त्याच्यापुढे धरून एकच शब्द म्हणाल्या, आणि तो वैजनाथला पुरता कळला.

घरी येऊन त्यानं कुसुमला सांगितलं, "पुन्हा, म्हणाली."

"म्हणजे उद्या?"

"उद्या कुठली असायला ती? आज दुपारचीच गाडी आहे मुंबईची, तिथून विमान."

कुसुम कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मग इथं काय उभे राहताय?" ती म्हणाली. "कांदा चिरा. प्रवासाला बांधून द्यायचेत."